लोकल माल

जाम, ता. समुद्रपूर
३ सप्टेंबर २००३

राकेशबाबू यांस मीराबाईचा जयभीम. तुम्ही अन् तुमच्या आई खुशाल असाल.

लोकल माल द्यायचा होता तं तोंडावर सांगायचं होतं. पोरीसोबत जो विजेवरचा पट्ट्याईचा बाजा आला तो मुका आहे. लाल दिवा लागते, पडदा उजळते, पट्टी दाबली की पडद्यावरचा आकडाही हलते, पण आवाजाचा पत्ता नाई. आवाजाचं चाक इकडून तिकडं फिरवून पाह्यलं. खालून हात लावून पाह्यलं. थापड मारून पाह्यली. आमचा रेडिओ थापडीनं चालते, हा तेवढ्याही लायकीचा नाई.

तुम्ही म्हणाल, सासूबाईले काय समजते. म्हणून मी चौकातल्या ताराचंदले बोलावलं. तुम्ही त्याले ओळखता, लग्नात लाऊडस्पीकर त्याचाच होता. रेडिओ, टीव्ही, मिक्सर सगळं उघडते. तो चष्मा लावून पडद्याजवळ नाक नेऊन बसला. एक बटन दाबलं, दुसरं दाबलं, मंग हसाले लागला. म्हणे, वहिनी, जवायाले बोल लावू नका, त्यानं काही लपवलं नाई. पडद्यावरच लिहून ठेवलं आहे. मी म्हणलं काय लिहिलं. त्यानं बोट ठेवून एकेक इंग्रजी अक्षर वाचलं. लोकल.

हॉटेलात गिऱ्हाईक बसलं होतं. चंद्रपूरचा एक ट्रकवाला पोहे खात खात म्हणे, बाई, नकली माल विकणारे लय पाह्यले, पण मालावर नकली म्हणून लिहून देणारा इमानदार पहिल्यांदा पाह्यला. सगळे हसले. मी चहा ओतत होती, हात भाजला.

राकेशबाबू, लोकल काय असते ते मले कोणी शिकवू नये. चौकात हॉटेल चालवतो मी. लोकल चहापत्ती उकळली की रंग येते, चव येत नाई. लोकल बिस्कूट कपात बुडवलं की कपातच राहते. पण मी गिऱ्हाईकाले सांगून देतो, हे लोकल आहे, घ्यायचं तं घ्या. तुम्ही आमच्या पोरीले लोकल बाजा देऊन चांगला स्वतःकडं ठेवला असंन तं ते बरं नाई झालं.

सोबत एक वायरही आली आहे. एका टोकाले चपटं तोंड, दुसऱ्या टोकाले दोन गोल मुंडकी. ताराचंदनं ती मुंडकी बाजाच्या मागं खुपसली अन् चपटं तोंड टीव्हीत घालाले गेला. टीव्हीले तसलं भोकच नाई. मंग म्हणे, हे कॉम्प्युटरचं असंन. आमच्या घरी कुठला कॉम्प्युटर.

रुचिका पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आली. चार दिवस राहाले आली असंन. विचारलं तं म्हणे, हो. बाजा चादरीत गुंडाळून मांडीवर घेऊन एसटीत बसली होती. बाजा एवढा मोठा अन् कपड्याची पिशवी एवढीशी. मी काही बोलली नाई. लग्न झाल्यापासून पोळ्याले ती कधी आली नव्हती, तेही बोलली नाई. नागपूरच्या स्टुडिओत तुमचं काम वाढलं असंन, दसऱ्याची नवीन कॅसेट असंन, म्हणून तुम्ही सोडाले आले नसाल.

पोरगी बोलत नाई. सकाळपासून माझ्याबरोबर कांदे कापते, मिरच्या तळते, टेबल पुसते. बाजाचं विचारलं की एकच, राहू दे आई. मी बाजाले शिव्या देऊन राह्यली अन् ती राहू दे म्हणते. पहिले तिच्या बाबाची पेटी जरा बेसूर झाली तं ती जेवत नव्हती.

तिचे बाबा म्हणतात, जवायाले असं लिहू नये. चंद्रभानजींचं आयुष्य असंच गेलं, असं करू नये अन् तसं म्हणू नये. भजन मंडळात पेटी वाजवली पण कधी पुढं बसले नाई. मी लिहितो. चौथी शिकली, तेवढं पुरते.

तं चांगला बाजा पाठवजा, नाई तं हा काऊन बोलत नाई ते लिहिजा. उलट टपालानं उत्तर पाहिजे. मी वाट पाहातो अन् मले वाट पाहाची सवय नाई.

तुमची सासू
मीराबाई

⁂

जाम
२० सप्टेंबर २००३

राकेशबाबू यांस जयभीम.

तुमचं पत्र भेटलं. सासूले छापील पत्र, हे मी पहिल्यांदाच पाह्यलं. वर तुमचं नाव, खाली तुमचं नाव, मधात स्टुडिओचं नाव अन् तेही तुमचंच. एका कागदावर माणूस तीनदा मावते, हे कॉम्प्युटरचं मोठं काम आहे.

आधी माझी चूक. बाजा लोकल नाई. ते मी मागं घेतो. ताराचंदनंही कान धरले. आता कसं समजलं ते ऐका, कारण तुमच्या पत्राच्या आधीच समजलं होतं.

तुमचं उत्तर येईना, म्हणून एक दिवशी मी ताराचंदले म्हणलं, खोल. तो पेचकस घेऊन आला, वायरीले डाग द्यायची सळई चुलीच्या निखाऱ्यात खुपसून ठेवली, कारण लाईन नव्हती. बाजा पालथा करून पेच काढू लागला. सळई लाल झाली तशी त्यानं ती उचलली. कुठं डाग देणार होता ते त्यालेही माहीत नव्हतं. तो म्हणे, पाहू, कुठं तरी तं तुटलं असंन. अन् रुचिका भांडे घासत होती, ती राखेच्या हातानं उठून आली अन् त्याचं मनगट धरलं.

"काका, हात लावू नका. काही तुटलं नाई. त्याचा आवाज बंद केला आहे."

मी म्हणलं, कोणी केला. ती म्हणे, स्टुडिओत तो बंदच असते, लोकल ऑफ. एवढे दिवस मी चुलीपाशी बसून तुमच्या सात पिढ्यांचा उद्धार करून राह्यली अन् हिले माहीत होतं. एक बटन होतं. तिनं दाबलं नाई.

मंग तिनं समजावून सांगतलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सलग बोलली म्हणून मी मधात तोंड घातलं नाई. ती म्हणे, आई, लोकल म्हणजे नकली नाई. लोकल म्हणजे घरचं. लोकल चालू असलं की पट्टी दाबली तं बाजा स्वतःच्या गळ्यानं बोलते. लोकल बंद केलं की तो स्वतः बोलत नाई. वायरीतून फक्त सांगते, ही पट्टी दाबली, एवढ्या जोरानं दाबली, आता सोडली. बोलते तो दुसरा. मशीन बंद करून चालू केलं तरी ते ध्यानात ठेवते.

मी म्हणलं, म्हणजे सूनबाई.

ताराचंद हसला. ती हसली नाई. हात धुवाले निघून गेली. तेव्हा मले कळलं की मी गंमत म्हणून बोलली अन् दगड बरोबर जागी लागला. बटन तिनं त्या दिवशीही दाबलं नाई. मी म्हणलं, चालू कर ना. राहू दे आई.

त्याच्यानंतर तुमचं पत्र आलं. मी चुलीपाशी उभी राहून मोठ्यानं वाचलं, सगळ्याईले ऐकू जाईन असं. तुम्ही लिहिलं की बाजा ओरिजिनल आहे, बिल आहे. बरं. लिहिलं की या मिडी वायरीतून आवाज जात नसते, कोणतं बटन दाबलं त्याची खबर जाते. तेही बरं, पोरीनंही तेच सांगतलं होतं. अन् मंग तुम्ही लिहिलं, तुमचेच शब्द उतरवतो: "आवाज, सफाई, सगळं कॉम्प्युटर करतो आणि कॉम्प्युटर मी चालवतो. रुचिका फक्त बटनं दाबते. त्यामुळे कव्हरवर तिचं नाव टाकण्याचा प्रश्नच येत नाही."

राकेशबाबू, कॅसेटच्या कव्हरवरच्या नावाचं मी कुठं विचारलं होतं?

माझं पत्र तुमच्याकडंच असंन, काढून पाहा. मी बाजाचं विचारलं. मले तं नावाचं काही माहीतच नव्हतं. तुम्ही न विचारलेल्या गोष्टीचं उत्तर दिलं. पोलीस स्टेशनच्या समोर हॉटेल असतं तरी एवढं शहाणपण मले आलं नसतं, तुमच्या एका पत्रानं आलं.

मी मान वर केली तं रुचिका पिठाचे हात घेऊन उभी होती. म्हणे, हेच. हेच बोलले ते. नव्या कॅसेटच्या वेळी गाणाऱ्या लोकाईच्या समोर कोणीतरी विचारलं, वहिनीचं नाव नाई का. तं हसून म्हणले, ती बटनं दाबते, उद्या इस्त्रीचं बटन दाबते म्हणून नाव टाकू का. सगळे हसले.

ट्रकवाला हसला तेव्हा माझा हात भाजला होता. पोरीचं काय भाजलं असंन ते मी तुम्हाले लिहून सांगू शकत नाई.

पहिल्या पत्रात मी बाजा बाजा केलं. खरं विचाराचं होतं ते हे, की माझी पोरगी एवढीशी पिशवी घेऊन काऊन आली. विचारलं नाई, कारण विचारलं असतं तं उत्तर आलं असतं. आता आलंच.

पण मी अशीच तुमच्यावर तुटून पडणारी नाई. लोकलच्या वेळी एकदा तोंडघशी पडली. म्हणलं, खरंच काय जाते त्या वायरीतून ते डोळ्यानं पाह्यचं. नुसतंच बटन असंन तं जवाई बरोबर. पोरीले म्हणलं, चाल हिंगणघाटले. ती नाई म्हणे. म्हणलं, मंग मी एकटी जातो अन् मले जसं जमंन तसं खुपसतो. तेव्हा आली.

तिथं मेघा मॅडमचा कॉम्प्युटर क्लास आहे. पोरगी चांगली, आपल्या हॉटेलात येऊन चहा पिते. दुपारी लाईन जायच्या आधी जेवढा वेळ भेटंन तेवढा घ्या म्हणे. चपटं तोंड कॉम्प्युटरच्या मागं, पोरं जिथं खेळाचा दांडा, जॉयस्टिक, लावतात तिथं बसलं. मंग ती दोन गोल मुंडकी. एकावर इन लिहिलं, एकावर आऊट. बाजालेही दोन भोकं, इन अन् आऊट. मॅडमनं इनमध्ये इन घातलं, आऊटमध्ये आऊट घातलं. नावाले नाव जुळलं. कॉम्प्युटर गप्प, बाजा गप्प, रुचिका हात बांधून गप्प. मॅडमनं सगळं बंद केलं, परत चालू केलं, प्रोग्राम परत टाकला. घड्याळ पळून राह्यलं होतं. मी म्हणलं, झालं, बाई, गुंडाळा.

तेवढ्यात खिडकीतून नागपूरची गाडी दिसली अन् मी सहज बोलली, जामच्या चौकात एवढी वर्षं झाली, नागपूरची जाणारी गाडी म्हणजे आमची येणारी. नागपूरवाल्याची जाणारी आमच्याकडंही जाणारीच असती तं चौकात कोणी उतरलंच नसतं.

रुचिकानं माझ्याकडं पाह्यलं अन् तिले हसू आलं. म्हणे, आई, तेच आहे ते. एकाचं आऊट ते दुसऱ्याचं इन. तिनं मुंडकी उलटी केली. मंग माऊस मॅडमच्या हातून घेतला, घेऊ का असंही विचारलं नाई. प्रोग्रामले सांगावं लागते म्हणे, कोणत्या दाराकडं कान द्यायचा. ते निवडलं. पट्टी दाबली अन् कॉम्प्युटर बोलला. जरा उशिरा बोलला, दूरच्या फोनवर बोलते तसा, मंग तिनं काहीतरी कमी केलं अन् बरोबर आला.

तेव्हा तिनं लोकल चालू करून दाखवलं. बाजाही बोलला अन् कॉम्प्युटरही बोलला, एका सुराचे दोन झाले, कानाले टोचाले लागलं. म्हणे, यासाठी बंद ठेवावं लागते. म्हणजे बंद ठेवणं वाईट नाई, कामाचं आहे, हे मले समजलं. तुमच्या स्टुडिओत बाजा गप्प ठेवला म्हणून मी तुम्हाले दोष देत नाई. बाजाची गोष्ट वेगळी.

तिनं परत लोकल बंद केलं अन् एक चाल वाजवली. तुमच्या एप्रिलच्या कॅसेटमधलीच, दुसऱ्या बाजूची पहिली. कॉम्प्युटरनं लिहून घेतली. मंग तिनं दोन्ही हात मांडीवर ठेवले अन् म्हणे, आता ऐक. पट्टी एक हलली नाई. हात मांडीवर. अन् वाजत होतं तिचंच.

मॅडमनं पडद्यावर दाखवलं, प्रत्येक दाबाची एक काडी उभी होते. जोरानं दाबलं तं काडी उंच, हळू दाबलं तं बुटकी. चांगल्या उंच काड्या चालल्या होत्या अन् मधात मधात एक बुटकी. मॅडम म्हणे, हे काय. रुचिकानं उजव्या हाताचं तिसरं बोट वर केलं.

ते बोट तुम्ही पाह्यलं असंन, करंगळीच्या बाजूचं. लहानपणी हॉटेलच्या शटरमध्ये सापडलं होतं. तेव्हापासून जिथं ते बोट पडते तिथं सूर दबते. तिच्या बाबानं पेटीवर लय घोटून घेतलं, बोट काही सुधरलं नाई. तं राकेशबाबू, ही तुमची खबर. कोणती पट्टी, किती जोरानं, किती वेळ. हे बटन असंन तं मंग तबल्यावर थापड अन् बासरीत फुंकर, एवढंच. इस्त्रीले तं मी जोरानं दाबलं काय अन् हळू दाबलं काय, सारखीच तापते.

लाईन गेली. आम्ही परत आलो. इथपर्यंत मले वाटत होतं की ही आमच्या घरातली समजूत आहे, तुम्ही म्हणाल तिथं वाजवलं, इथं वाजवलं, कॅसेटमध्ये तं मी साफ केलं.

परवा एक जीपवाला चौकात थांबला, समुद्रपूरचे सवारी भरत होता. त्याच्या टेपवर तुमची एप्रिलची कॅसेट. चंद्रभानजी बादलीत ग्लास धुवून राह्यले होते. मी त्याईले हिंगणघाटचं काही सांगतलं नव्हतं, ते जवायाच्या बाजूचे म्हणून. ते ओल्या हातानं उठले, जीपपाशी गेले, अन् हा माणूस ज्यानं जन्मात कोणाले एक काम सांगतलं नाई, तो ड्रायव्हरले म्हणे, भाऊ, जरा मागं घे. त्यानं मागं घेतली. परत म्हणे, आणखी एकदा. सवारी ओरडाले लागले.

मंग ते माझ्याकडं आले अन् म्हणे, "सूर दबला. बोट आपल्या पोरीचं आहे." अन् कव्हर हातात होतं, ते पालथं केलं, सुलटं केलं. संगीत म्हणून तुमचं नाव. चाल म्हणूनही तुमचं नाव. म्हणे, हिचं नाव कुठं आहे. मी म्हणलं, जवायाले विचारा. ते म्हणे, तू लिही.

रुचिकाले विचारलं, जवाई साफ केलं म्हणतात, मंग बोट कसं राह्यलं. ती म्हणे, ताल त्याईनं सरळ केला, जिथं उशीर झाला तिथं काडी मागं सरकवली. काड्याईची उंची सरळ करायचं राहून गेलं. तिले सांगाले वाईट वाटत होतं, जसं तुमची चूक ती दाखवून राह्यली. राकेशबाबू, एवढं झाल्यावरही तिले तुमची चूक दाखवताना वाईट वाटते, हे तुम्ही ध्यानात घेजा. अशी बाई रोज भेटत नाई.

आता माझं म्हणणं.

दसऱ्याले दीक्षाभूमीवर तुमचा स्टॉल लागते. नव्या कॅसेटचं कव्हर अजून छापाले गेलं नाई, रुचिकाले माहीत आहे. त्या कव्हरवर चाल अन् वादन तिच्या नावानं पाहिजे. तुमचं नाव खुशाल टाका, कॉम्प्युटर तुम्ही चालवता ते खोटं नाई. पण तिच्या नावाच्या जागी नाई.

दुसरं, तिनं आतापर्यंत जे काही वाजवलं ते तुमच्या कॉम्प्युटरमध्ये आहे. आवाज तुमचा असंन, तुम्ही ठेवा. बोटं तिची आहेत. ती फ्लॉपीत भरून पाठवजा. तुमच्याकडची पुसा असं मी म्हणत नाई.

तिले नांदाले पाठवाची नाई असं मनात आणू नका. ती यायची का नाई ते ती सांगंन, मी नाई अन् तुम्हीही नाई. मी हे लिहून राह्यली ते तिले दाखवलं. म्हणे, लिही, पण माझ्याकडून विनवणी लिहू नको. म्हणून लिहिली नाई. कुठं दिसली तं ती माझी समजा अन् खोडून वाचा.

काल संध्याकाळी तिनं बाजा हॉटेलातल्या मधल्या टेबलावर ठेवला, मागून वायर काढली अन् ते बटन दाबलं. बाजा स्वतःच्या गळ्यानं बोलला. चंद्रभानजी चहा ओतत होते, कप भरून खाली सांडला तरी ओततच राह्यले. ती गावातल्या पोरींले शिकवणार म्हणते. शिकवू द्या. आता ते बटन माझ्या हॉटेलात कोणी बंद करणार नाई.

तुमच्या आईले नमस्कार सांगजा. हे पत्र त्याईले वाचून दाखवलं तरी चालंन.

छापील उत्तर मले नको. हातानं लिहा, नाई तं स्वतः या. २८ तारखेच्या रविवारी नागपूरची शेवटची गाडी चौकात लागेपर्यंत मी हॉटेलाचं शटर उघडं ठेवीन. कव्हरवर नाव येते का नाई, हो का नाई, एवढंच पाहिजे, अन् ते त्या गाडीच्या आत पाहिजे.

रुचिकाची आई
मीराबाई